आईंना धबधबा, पोरांना पाऊस, भाऊजींना क्राफ्ट बिअर: नाशिकहून दोन रात्री कुठे जावं?

गोदाकाठची | शुक्रवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. पुढच्या आठवड्यात धाकटे दीर, जाऊबाई आणि पुतणी बंगळुरूहून येताहेत. आम्ही घरचे चौघं, सासू-सासरे दोघं, असे मिळून नऊ जण. मंगळवारी सकाळी निघून गुरुवारी परत. श्रावण आमच्याकडे कडक असतो, त्यामुळे सामिष आणि बाकीचं जे काही व्हायचं ते आखाडातच.

आई ७२ वर्षांच्या आहेत. गेल्या वर्षी दोन्ही गुडघे बदलले. त्यांचं माहेर घोटीकडचं. परवा पाऊस बघत बसल्या होत्या, तेव्हा म्हणाल्या, "एकदा तुषार अंगावर येतील इतक्या जवळून धबधबा बघायचाय गं." आई कधी काही मागत नाहीत, म्हणून हे मनात राहिलं.

मुलं दहा आणि सहा वर्षांची, पुतणी चौदाची. अप्पांना चहा आणि वर्तमानपत्र मिळालं की पुरे. भाऊजींना क्राफ्ट बिअरची मनापासून आवड आहे. ते गाडीनेच येताहेत आणि तिकडून एक खोकं घेऊन येतो म्हणतात. दोघे भाऊ वर्षातून एकदाच निवांत बसतात, त्यामुळे माझी काही हरकत नाही. मी घेत नाही.

गेल्या पावसाळ्यात रविवारी त्र्यंबकजवळच्या पहिन्याला गेलो होतो. तीन तास रस्त्यात अडकलो आणि आई शेवटपर्यंत गाडीतून उतरल्याच नाहीत. ओढ्यात फुटलेली बाटली होती, मुलीच्या पायाला काच लागली. तसं पुन्हा नको. तुम्ही कुठे जाल?

अंजनेरीचा वारा | शुक्रवार, रात्री १०:१५

ताई, पहिन्यावर कायमची फुली मारू नका. त्र्यंबक-घोटी रस्ता मंगळवारी-बुधवारी वेगळाच असतो. सकाळी साडेसातला पोचलात तर डोंगरावरून उतरणारे सगळे पांढरे पट्टे रस्त्यावरूनच दिसतात. आईंना गाडीची काच खाली करून बसता येईल. पुढे वैतरणेच्या पाण्याच्या कडेकडेने घोटीला उतरा.

फक्त दुगारवाडीच्या धबधब्याच्या नादी लागू नका. उतार निसरडा आहे, वाटेत ओढा ओलांडावा लागतो आणि पाणी वाढलं की परतीची वाट बंद होते. लहान मुलं आणि नवे गुडघे घेऊन जायची ती जागा नाही.

सह्यभटक्या | शुक्रवार, रात्री ११:०५

माझं मत स्पष्ट आहे: भंडारदरा. आणि दोन्ही रात्री एकाच ठिकाणी, शेंडी गावात. एक रात्र इथे, एक रात्र तिथे केलंत तर अर्धी सहल बॅगा भरण्यात जाईल.

नाशिकहून सत्तरेक किलोमीटर. मुंबई महामार्गाने घोटी, तिथून आत वळून बारीवरून शेंडी. बारी म्हणजे कळसूबाईच्या पायथ्याचं गाव. १६४६ मीटरचं शिखर ढगात असेल, पण खालचे ओहोळ दिसतील. घोटी ते बारी हा पट्टा आत्ता बघण्यासारखा असतो, सगळीकडे भाताची खाचरं आणि गुडघाभर चिखलात उभी माणसं. आईंना खिडकीशी बसवा.

आता तुमचा मुख्य प्रश्न. तुषार अंगावर येतील असा धबधबा, तोही पाण्यात न उतरता, म्हणजे रंधा. प्रवरा नदी तिथे साधारण १७० फूट खाली घळीत कोसळते. कठड्याच्या अलीकडे उभं राहून बघता येतं आणि पाणी भरपूर असेल तर उभ्या जागी भिजायला होतं. थोड्या पायऱ्या आहेत, हात धरायला एक माणूस ठेवा. लोक समजतात की धरण भरून सांडल्याशिवाय रंधा वाहत नाही. तसं नाही. कळसूबाईच्या बाजूने येणारी कृष्णावंती रंध्याच्या वरच प्रवरेला मिळते, त्यामुळे धरण भरायच्या आधीही तो जोरात असतो.

अम्ब्रेला फॉलचं मात्र वेगळं आहे. तो धरणाच्या पायथ्याशी आहे आणि पाणी सोडलं तरच दिसतो. गोल खडकावरून पाणी छत्रीसारखं पसरतं. नसेल तर पोरांना धरण दाखवा. विल्सन धरणाचं काम १९१० ला सुरू होऊन १९२६ ला संपलं, दगडी बांधकाम आहे, अजून उभं आहे.

बुधवारी जलाशयाला फेरी मारा. रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर आणि शेजारची पुष्करणी निवांत बघा. रतनगडावरून इतके प्रवाह उतरतात की मुलं मोजता मोजता दमतील. घाटघरला धुकं असेल, कोकणकडा दिसेल याची खात्री नाही. सांदण दरी पावसाळ्यात अजिबात नको. अभयारण्य आहे, नाक्यावर प्रवेश शुल्क भरावं लागतं.

डांगची लेक | शनिवार, सकाळी ७:३०

सापुताऱ्याचं कुणी नाव काढलं नाही म्हणून लिहिते. वणीवरून ऐंशीएक किलोमीटर. रस्ते चांगले, तळं आहे, वयस्कर माणसांना चालायला सपाट जागा आहे. पुढे वघईजवळ अंबिका नदीवरचा गिरा धबधबा पावसात फार सुंदर रुंद होतो.

पण बिअरचा बेत असेल तर नको. गुजरातेत १९६० पासून दारूबंदी आहे. गाडीच्या डिकीत राहिलेला एक कॅनसुद्धा गुन्हा ठरतो आणि हद्दीवर तपासणी होते. तरीही त्या बाजूला जायचं असेल तर अलीकडे आपल्या हद्दीत हातगडला मुक्काम करता येतो.

गोदाकाठची | शनिवार, सकाळी १०:२०

सह्यभटक्या, आईंना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. घोटी ते बारी म्हटल्यावर त्या उठून बसल्या. भंडारदराच ठरवतोय. शेंडीत खाली खोल्या असलेलं घरगुती राहणं बघते.

बिअरचं कुणी जाणकार सांगेल का? खोकं आणावं की नाही, बर्फात किती वेळ टिकतं, आणि जेवणात काय ठेवावं? मला यातलं काहीच कळत नाही, पण भाऊजींची संध्याकाळ नीट जावी असं वाटतं.

जवाचे मोड | शनिवार, दुपारी १:१०

पुण्यात काही वर्षं मायक्रोब्रुअरीत, म्हणजे छोट्या बिअर कारखान्यात, काम केलं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी महत्त्वाचं. बंगळुरूहून खोकं आणू नका. दुसऱ्या राज्यातली दारू महाराष्ट्रात आणायला परवाना लागतो, तो नसेल तर उत्पादन शुल्कवाले गाडी अडवू शकतात. आईवडिलांना भेटायला निघालेल्या माणसाने हा ताप कशाला घ्यायचा? नाशकातल्या परवानाधारक दुकानातून डबाबंद घ्या, बिल जपून ठेवा, पिण्याचा परवानाही तिथेच करून घ्या. आपल्याकडे सौम्य बिअरला वय २१ पूर्ण लागतं. आणि जिथे राहणार त्या घरमालकांना आधी विचारा. काही घरांत चालत नाही, त्यांचा मान ठेवायचा.

नळावरची ताजी बिअर बाटलीत भरून डोंगरात न्यायचा विचार असेल तर तोही सोडा. ती बहुतेक ठिकाणी न गाळलेली आणि पाश्चराइज न केलेली असते, यीस्ट जिवंत असतं. थंडावा गेला की चव बदलते. प्यायची तर जिथे बनते तिथेच.

आता क्राफ्ट बिअर म्हणजे काय, कारण अप्पा नक्की विचारतील. जवाला मोड आणायचे, वाळवायचे, भाजायचे. हा माल्ट. तो भरडून साधारण ६५ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवला की मोडांमधली विकरं पिठाची साखर करतात. नाचणीला मोड आणून सत्त्व करताना जे घडतं त्याचाच हा पुढचा टप्पा. ते गोड पाणी गाळून हॉप्सच्या फुलांबरोबर उकळायचं, त्यातून कडवटपणा आणि वास येतो. मग थंड करून यीस्ट घालायचं. एल प्रकारात १८ ते २० अंशांना आठवडा-दोन आठवड्यांत काम होतं. लागरला जास्त थंडी आणि जास्त दिवस लागतात. छोट्या प्रमाणावर, बनवणाऱ्याच्या हाताच्या चवीने केलेली ती क्राफ्ट. पुण्यात २००९ मध्ये दूलालीने मायक्रोब्रुअरी सुरू केली, तिथून आपल्याकडे ही गोडी लागली.

पावसात, मराठी जेवणाबरोबर मी गव्हाची बिअर घेईन. ती गढूळ दिसते, ती खराब नसते. तिला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. त्यात केळं नसतं आणि लवंगही नसते, हे दोन्ही वास यीस्ट तयार करतं. तिखट रश्श्याबरोबर जास्त हॉप्सवाली कडू आयपीए टाळा, तिखट आणखी चढतं. कांदाभजी, थालीपीठ, कोंडाजीचा चिवडा, गावठी कोंबडी, सगळ्यांशी गव्हाची जुळते.

बर्फाच्या पेटीत डबे रात्रभर आरामात राहतात. बर्फ पाण्यासकट ठेवा, नुसत्या बर्फात ठेवलेल्या डब्यापेक्षा बर्फाच्या पाण्यात बुडालेला डबा लवकर गार होतो. रिकामे डबे मोजून परत आणा.

निफाडकर | शनिवार, दुपारी २:००

बिअरने काय होतंय, दोन घेतल्या तरी गाडी चालवता येते. उगाच बाऊ नको.

जवाचे मोड | शनिवार, दुपारी २:२५

निफाडकर, हे मी मनापासून खोडतो. ५ टक्क्यांच्या ३३० मिली बिअरमध्ये साडेसोळा मिली अल्कोहोल असतं. व्हिस्कीच्या ३० मिली पेगमध्ये तेरा मिलीहूनही कमी. म्हणजे एक पिंट, ही ३३० मिलीची छोटी बाटली, एका छोट्या पेगपेक्षा जास्त आहे. आणि ८ टक्क्यांची ६५० मिलीची स्ट्राँग बाटली म्हणजे चार पेग. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. घाटात, धुक्यात, मागे मुलं बसलेली असताना एक घोटही नको.

निफाडकर | शनिवार, दुपारी ३:४०

हिशोब कधी केला नव्हता. मान्य.

दिंडोरीचा मळेकरी | शनिवार, सायंकाळी ६:५०

बंगळुरूच्या पाहुण्यांना द्राक्षबाग दाखवायचा बेत असेल तर आधीच सांगून ठेवा की आत्ता घड नाहीत. एप्रिलात खरड छाटणी झाली, ऑक्टोबरात गोडी छाटणी होईल, माल जानेवारी ते मार्च. जुलैत बागेत नुसता पाला आणि डाऊनी रोगाची भीती, आमची फवारणी चालू असते. पोरांना बागेत सोडू नका.

जाऊबाईंना बिअर नको असेल तर नाशकात मधापासून बनलेली मीडही मिळते. सेराना नावाची आपल्या नाशिकचीच आहे. आपली सातेरी माशी आहे ना, तिच्या शास्त्रीय नावातला हा शब्द. थंड करून घेतली तर हलकी लागते.

जुना वाचक | शनिवार, रात्री ८:१५

राग मानू नका, पण विचारतो. आजी-आजोबा आणि लहान मुलं बरोबर असताना बिअर हवीच का? दोन दिवस त्याशिवाय जाणार नाहीत?

गोदाकाठची | शनिवार, रात्री ८:५०

काका, राग अजिबात नाही. घरातही याच्यावर बोलणं झालं. आईंनीच सांगितलं, "लपून पिण्यापेक्षा माझ्यासमोर बसून दोन घोट घेतले तर मला काळजी नाही." आमचा नियम असा ठरलाय: दिवसभर पाणी आणि गाडी, बिअर नाही. संध्याकाळी गाडीच्या किल्ल्या माझ्याकडे, मग बिअर. कुणी दोनाच्या वर जायचं नाही.

दोर आणि शिट्टी | रविवार, सकाळी ६:१०

तुमचा हा नियम वाचून लिहावंसं वाटलं. आम्ही काही जण पावसाळ्यात बचावकार्याला जातो. पाण्यातून बाहेर काढलेली माणसं पाहिली आहेत, त्यामुळे हे पुन्हा पुन्हा सांगतो.

पाऊस तुमच्या डोक्यावर पडत नसतो, तो वर पठारावर पडत असतो. खाली ऊन असतं, मुलं खेळत असतात आणि लोंढा येतो. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं गेली. ती सहलीलाच आलेली साधी घरची माणसं होती.

नितळ पाणी गढूळ झालं, काड्या-पाला वाहत आला, आवाज खोल झाला, यातलं एकही दिसलं की सामान सोडून बाहेर. चप्पल, मोबाइल, डबा, कशासाठीही मागे वळायचं नाही. दोन्ही काठांवर माणसं विभागली जातील असं कधी उभं राहू नका. शेवाळावर चांगल्या बुटांचाही भरवसा नसतो. पिऊन पाण्यात उतरलेल्या माणसाला थंडी कळत नाही आणि तोल गेलेलाही कळत नाही, आमच्या कामातला मोठा भाग तिथूनच येतो. धरणं-धबधब्यांवर दर पावसाळ्यात बंदीचे आदेश निघतात, निघण्याच्या आदल्या दिवशी ते बघा. आणीबाणीला ११२.

रंध्याच्या कठड्यावर मुलांना बसवून फोटो काढू नका. एवढं माझं ऐका.

अंजनेरीचा वारा | रविवार, सकाळी ९:००

दोर आणि शिट्टी, तुमचा प्रतिसाद घरच्या ग्रुपवर पाठवला आहे.

गोदाकाठची | शुक्रवार, रात्री १०:३०

काल परत आलो. सगळं लिहायचं म्हणते, कारण तुम्ही सगळ्यांनी वेळ काढून सांगितलंत.

मंगळवारी सातला निघालो. घोटी सोडल्यावर आईंनी काच खाली केली ती बारीपर्यंत वर घेतलीच नाही. एका खाचरात आवणी, म्हणजे भाताची लावणी, चालली होती. आई म्हणाल्या, थांबव. छत्री धरून बांधाच्या कडेला उभ्या राहिल्या. आवणीवाल्या बायकांशी बोलणं झालं, कोणत्या गावच्या, कुणाच्या, आणि त्यातली एक आईंच्या माहेरच्या शेजारच्या गावची निघाली. तिने रोपांची एक मूठ माझ्या सहा वर्षांच्या मुलाच्या हातात दिली आणि कसं खोचायचं ते दाखवलं. पाऊण तास तिथेच गेला. आम्ही कुणी घाई केली नाही.

दुपारी रंधा. पाणी दुधासारखं पांढरं नव्हतं, मातकट लाल होतं, पण आवाज असा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. आईंना एका बाजूने ह्यांनी आणि एका बाजूने भाऊजींनी धरलं. पायऱ्या सावकाश उतरलो. कठड्यापासून पाच-सहा हात अलीकडे उभ्या राहिल्या आणि दोन मिनिटांत चष्मा पूर्ण पाण्याने भरला. त्यांनी तो काढून माझ्याकडे दिला. चष्म्याशिवाय त्यांना लांबचं दिसत नाही. तरी तशाच उभ्या होत्या, डोळे मिटून. मी काही विचारलं नाही.

अम्ब्रेला फॉल कोरडा होता, धरण अजून भरायचंय. मुलांची थोडी निराशा झाली, पण १९२६ चं धरण म्हटल्यावर अप्पांनी त्यांना इतक्या गोष्टी सांगितल्या की ती विसरली.

शेंडीतलं घर साधं होतं. घरमालकीणबाईंना फोनवरच बिअरचं विचारलं होतं. "ओसरीवर बसा, अंगणात नको, रात्री दहाच्या आत आटपा," एवढंच म्हणाल्या. त्यांनी फोडशीची भाजी, नाचणीची भाकरी, गावठी कोंबडीचा रस्सा आणि काळभात केला होता. त्या भाताचा वास ओसरीपर्यंत येत होता.

भाऊजींनी नाशकातूनच गव्हाच्या बिअरचे डबे घेतले होते, बर्फात छान गार राहिले. अप्पांनी खरंच विचारलं की हे बनतं कसं. भाऊजी माल्टचं सांगायला लागले, तेवढ्यात आई मधेच म्हणाल्या, "मोड आलेलं सावलीत वाळवतात की उन्हात? नाचणी मी सावलीत वाळवायची. तुम्हा दोघांना त्याच सत्त्वावर वाढवलंय." मग दोघे भाऊ आईंकडून सत्त्वाची कृती ऐकत बसले. बिअर हातात तशीच. मला वाटतं, लग्नाला तेरा वर्षं झाली, पण ह्यांना आणि भाऊजींना असं आईसमोर मांडी घालून बसलेलं मी पहिल्यांदाच बघितलं. ह्यांना केळ्याचा वास लगेच आला, मलाही वासापुरता आला.

बुधवारी रतनवाडी. अमृतेश्वराच्या गाभाऱ्यात आईंना जाता आलं नाही, बाहेर पुष्करणीपाशी खुर्ची टाकून बसल्या. एका ओढ्याशी मुलं पाण्यात होती. अर्ध्या तासाने पुतणीच ओरडली, "काकू, पाणी लाल झालं!" रविवारी तिला तो प्रतिसाद वाचायला दिला होता. सगळी बाहेर आलो. मोठा लोंढा आला नाही, पाणी हातभर वाढलं आणि तिथेच थांबलं. पण मुलं उभी होती तो दगड पाण्याखाली गेला होता. दोर आणि शिट्टी, तुम्हाला हे कळवायचंच होतं.

डबे सोळा नेले होते, अकरा रिकामे आणि पाच भरलेले परत आणले.

दोर आणि शिट्टी | शुक्रवार, रात्री ११:१०

पुतणीला माझ्याकडून शाबासकी सांगा.

डांगची लेक | शनिवार, सकाळी ८:००

माझ्या आईचेही गुडघे झालेत. त्या घरात कमोड होता का? पायऱ्या किती?

गोदाकाठची | शनिवार, सकाळी ८:४०

कमोड आहे. दाराला दोन पायऱ्या, पण कठडा नाही, म्हणून एक माणूस लागतो. न्हाणीत बसायला प्लास्टिकची खुर्ची मागून घ्या, त्या देतात. गाद्या जमिनीवर असतात, खाट आधी सांगून ठेवावी लागते.

सह्यभटक्या, आई विचारताहेत, तिकडची आवणी अजून किती दिवस चालेल?

सह्यभटक्या | शनिवार, सकाळी ९:१५

पाऊस असाच राहिला तर महिनाअखेरपर्यंत कुठे ना कुठे दिसेल. रविवार सोडून जा.